तळ्याची ओटी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमची उभी हयात पाण्यात गेली. आमच्या दिवाळी अंकासाठी पाण्यावर काहीतरी छान, प्रसन्न लिहून द्या." गृहस्थ चांगल्या मनाने बोलले होते, म्हणून हसू आवरलं आणि हो म्हटलं. मग बरेच दिवस विचार केला, पण प्रसन्न असं काही आठवेना. तलाव म्हटलं की लोकांना धुकं, बोटी आणि गरम भजी आठवतात. मला लोखंडी जाळी आठवते आणि तिच्यात अडकलेली हिरवी साडी. तेव्हा त्या साडीचंच सांगते.

मी पाणीपुरवठ्याची अभियंता. माहेर सांगलीचं, नोकरी सातारा जिल्ह्यातल्या एका शहरात. सांगलीत आम्ही वाढलो ते नदीच्या धाकात. पावसाळा आला की कृष्णेचं पाणी कुठल्या गल्लीपर्यंत चढलं याचीच चौकशी, आणि माळ्यावर कायम बांधून ठेवलेली गाठोडी. इकडे आले तर लोकांची भीती उलटी. पाणी घरात शिरेल म्हणून नव्हे, नळाला येणार नाही म्हणून लोक घाबरलेले. दोन्हीकडे शिव्या खायला पाणी खात्यातलंच माणूस लागतं. वडील मला सांगत होते की बँकेत जा, पण ऐकलं नाही.

शहराचं नाव लिहीत नाही आणि तलावाचंही नाही. नाव छापलं की पुढच्या रविवारी आणखी पन्नास गाड्या वर चढतील, आणि ते पाप माझ्या डोक्यावर नको.

तलाव शहराच्या पश्चिमेला पठारावर आहे. जुन्या लोकांनी ओढा अडवून बांध घातला आणि पाणी साठवलं. तळं वर, शहर खाली, त्यामुळे पंपाची गरज नाही. उतारानं पाणी आपलं आपण खाली येतं, वीज गेली तरी येतं. याचा तोटा एकच, पाणी आणायला कुणाला काही करावं लागतं हे शहराला पटतच नाही.

काठापासून थोडं आत, पाण्यात एक दगडी मनोरा आहे. तिथवर जायला अरुंद लोखंडी पूल. मनोरा आतून विहिरीसारखा पोकळ आणि त्याला वेगवेगळ्या उंचीवर खिडक्या. तळं भरलेलं असलं की वरची खिडकी उघडी ठेवायची, पाणी उतरलं की खालची, कारण वरचं पाणी निवळ असतं आणि तळाशी गाळ. खिडकीतून पाणी मनोऱ्यात येतं, मनोऱ्यातून बांधाखालच्या मोठ्या नळात, आणि तिथून शहराकडे. बांधाच्या पायथ्याशी एक खोली आहे. तिथं या नळाचा व्हॉल्व्ह, आणि तो फिरवायला उत्तम नावाचा आमचा कर्मचारी.

खिडकीला जाड सळ्यांची जाळी असते, म्हणजे फांद्या नि मेलेली जनावरं आत जात नाहीत. पाणी आत ओढलं जातं तेव्हा जवळपासचं सगळं त्या जाळीला येऊन चिकटतं. पालापाचोळा वरून बांबूने ढकलता येतो. कापड आलं तर मात्र मडक्याच्या तोंडाला फडकं बांधावं तसं ते घट्ट बसतं आणि पाण्याचा सगळा दाब त्याच्यावर येतो. मग बांबूचं काम राहत नाही. माणसालाच खाली जाऊन ते सोडवावं लागतं. बाहेरच्या माणसाने आमच्या धंद्यातलं एवढं समजून घेतलं तरी पुष्कळ झालं.

या प्यायच्या पाण्यात शहराने बोटी सोडल्या. पर्यटन वाढलं पाहिजे, असं ठरलं. काठावर तिकिटाची खिडकी झाली, भज्यांच्या टपऱ्या झाल्या, बोटी परत बोलवायला एक भोंगा बसला. फलकही लावला: 'हे पिण्याचे पाणी आहे, कृपया पोहू नये.' त्या फलकाला लोक ओल्या चड्ड्या वाळत घालायचे.

एकदा एक सद्गृहस्थ कार्यालयात बाटली घेऊन आले. आत गढूळ पाणी. ती त्यांनी माझ्या टेबलावर आपटली आणि म्हणाले, हे तुम्ही पिऊन दाखवा. चूक आमची होती, एका ठिकाणी नळ फुटला होता. मी माफी मागितली, चहा पाजला. त्याच रविवारी तलावावर गेले तर हेच गृहस्थ काठाला गाडी लावून बादलीबादलीने धुताहेत. साबणाचा फेस तळ्यात चाललाय. मी म्हटलं, अहो, हेच पाणी तुमच्या नळाला येतं. तर अजिबात न ओशाळता म्हणाले, "काय करणार मॅडम, आमच्या भागात प्रेशरच नसतं हो." 

सगळेच तसे नव्हते. वडूजकडच्या एक आजी नातवंडांबरोबर आल्या होत्या. पोरं बोटीत गेली, आजी काठावर उभ्या. वहाणा त्यांनी पार लांब काढून ठेवल्या होत्या. वाकून बोटं ओली केली, डोळ्यांना लावली आणि शेजारी पोहणाऱ्या बाप्यांकडे बघत मला विचारलं, "ह्ये प्यायचं पानी न्हवं? मग ह्यांना कुनी बोलत न्हाई व्हय?" मी म्हटलं, आजी, मी बोलते, पण ऐकत नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं पाटवा, ऐकत्याल."

आता जलपूजन. पावसाळ्यात तळं भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की नगराध्यक्ष येऊन तळ्याची ओटी भरतात. हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू. रीत चांगलीच आहे. ज्याने पाणी दिलं त्याची आठवण ठेवावी, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार इतकीच, की ओटी भरायची म्हणजे साडी पाण्यात सोडायची, आणि सोडायची ती मनोऱ्याच्या पुलावरून. तळं भरलेलं असल्यामुळे त्या दिवशी वरची खिडकी उघडी असते, म्हणजे अगदी पुलाखाली, जेमतेम दोन पुरुष खोल. ज्या पाण्याबद्दल आभार मानायचे, त्याच पाण्याच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि जेवायला निघून जायचं, असा हा कार्यक्रम दरवर्षी व्हायचा.

या कार्यक्रमाचे सूत्रधार विलासतात्या. मंडप, हार, छायाचित्रकार, जेवण, सगळी ठेकेदारी त्यांची. माणूस उत्साही आणि गोड. मी त्यांना सांगून पाहिलं की साडी सांडव्यावर सोडा, वाहून ओढ्याला जाईल. ते म्हणाले, सांडव्यावर शेवाळ आहे, साहेब घसरतील, आणि फोटोत मागे तळं येत नाही. मी म्हटलं, मग पूजा झाल्यावर लगेच आकड्याने काढून घेऊ. त्यांनी जीभ चावली. गंगेला दिलेली साडी सगळ्यांच्या देखत परत ओढायची? एक वर्ष मी पूजेच्या वेळी व्हॉल्व्हच बंद करवला, तर पुढच्या दिवशी पेपरात बातमी, ऐन जलपूजनाला शहर तहानलेलं. जाळीच्या पुढे तरंगती दुसरी जाळी लावावी म्हणून प्रस्ताव पाठवला होता. तो वर गेला आणि वरच राहिला.

आणि मी काय करायचे? मी ताट धरायचे. कार्यक्रमाला एकुलती एक बाई अधिकारी, तेव्हा हळदी-कुंकवाचं ताट माझ्या हातात. "मॅडम, जरा इकडे सरका, ताट फोटोत येऊ द्या." तळ्यात किती पाणी आहे, ते किती दिवस पुरेल, हे मला कुणी कधी विचारलं नाही. ताट सरळ धरा एवढंच सांगितलं.

साडी काढायचं काम सर्जेरावांचं. म्हणजे त्यांचं ते नव्हतंच. सर्जेराव बोट क्लबचे मुख्य नावाडी. पठारावरच्याच वाडीतले, फौजेत पूल बांधणाऱ्या तुकडीत नोकरी करून परत आलेले. मिशा पिळदार, बोलणं कमी. पहिल्या वर्षी साडी अडकली, शहरातून कार्यालयात फोनवर फोन यायला लागले, आणि मी पुलावर हताश उभी होते तेव्हा ते आपणहून पुढे आले. सदरा काढून घडी करून ठेवला, कमरेला दोर बांधला, दुसरं टोक कठड्याला. म्हणाले, "म्याडम, खालचा वॉल बंद करायला सांगा. पानी वडत नसलं म्हंजी काय भ्या न्हाई." उत्तमने व्हॉल्व्ह बंद केला, पाण्याची ओढ थांबली, सर्जेराव खाली गेले आणि बऱ्याच वेळाने फाटकी साडी घेऊन वर आले.

तेव्हापासून ती प्रथाच पडली. आधी पूजा, मग जेवण, मग सर्जेराव. मी दरवेळी त्यांना म्हणायचे की हे तुमचं काम नाही, आणि ते दरवेळी म्हणायचे, "ड्यूटी म्हंजी ड्यूटी." नदीवरचं बचाव पथक बोलवायचं तर ते पावसाळ्यात पुराच्या मागे, कधी येईल सांगता येत नाही. तोवर शहर कोरडं. सरावाने ही गोष्ट आम्हा सगळ्यांना साधी वाटायला लागली. ती साधी कधीच नव्हती. आतल्या सळ्या गंजून धारदार झाल्या होत्या, पावसाळ्यात पाणी मळकट, खाली काही दिसत नाही, आणि सर्जेरावांचं वय काही उतरत नव्हतं.

ज्या वर्षीची गोष्ट सांगायची, त्या वर्षी धुकं फार होतं. पूजा झाली, साडी सोडली, टाळ्या पडल्या, पाहुणे मंडळी शहरातल्या एका सभागृहात जेवायला गेली. थोड्या वेळात दुसरा एक नावाडी उत्तमचा निरोप घेऊन आला की नळाचं पाणी कमी झालं. नेहमीप्रमाणे व्हॉल्व्ह बंद करवला. मनोऱ्यावर फोनला रेंज नाही, पण बांधाच्या पायथ्याशी आहे. म्हणून आमची खूण ठरलेली होती. सर्जेराव खाली असताना कठड्यावर लाल टॉवेल बांधायचा, आणि तो सुटलेला दिसल्याशिवाय उत्तमने व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. त्या दिवशी टॉवेल बांधला होता. पण धुक्यात टॉवेल काय, मनोराच दिसत नव्हता.

तिकडे सभागृहात पंगत उठली होती आणि हात धुवायला नळाला पाणी नव्हतं. बाहेरगावचे मोठे पाहुणे खरकटे हात घेऊन उभे. विलासतात्यांनी मला फोन लावला, तो लागला नाही. मग थेट उत्तमला लावला. व्हॉल्व्हचे दोन आटे तरी उघड रे, अब्रूचा प्रश्न आहे. उत्तमने सांगितलं की माणूस खाली आहे. तात्या म्हणाले, इतका वेळ कुणी पाण्याखाली राहतं का, आला असेल वर. उत्तमलाही वाटलं, आला असेल. खरं तर सर्जेराव पहिल्यांदा वर येऊन श्वास घेऊन पुन्हा खाली गेले होते, कारण साडी फार गुंतली होती. उत्तमने दोन आटे उघडले.

मी दोर हातात धरून पुलावर उभी होते. दोर एकदम ताठ झाला. सर्जेराव वर यायचे असले की दोर ढिला पडतो. हा ताठ झाला आणि मनोऱ्याच्या दिशेला ओढला गेला. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. दुसऱ्या नावाड्याने माझ्याबरोबर दोर ओढायला घेतला, पण खालून पाणी ओढत होतं, आमचं काय चालणार? मी उत्तमच्या नावाने ओरडले. धुक्यात माझा आवाज मलाच नीट ऐकू येईना. मग भोंगा आठवला. नावाड्याला दोर सोपवून मी पुलावरून पळाले आणि तिकिटाच्या खिडकीत घुसून भोंग्याचं बटण दाबून धरलं. लोकांच्या बोटी परत बोलवायचा तो भोंगा, धुक्याच्या दिवशी तळ्यावर एकही बोट नाही आणि तो वाजतोय. उत्तमला एवढं कळलं की काहीतरी विपरीत आहे. त्याने आटे परत फिरवले.

सर्जेराव वर आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला हिरवी साडी खांद्यापर्यंत पीळ पडून गुंडाळलेली होती. हात कोपरापर्यंत सळ्यांच्या आत ओढला गेला होता. खांदा निखळला होता आणि पोटात पाणी गेलं होतं. पुलावर आडवे केले, पाणी काढलं, तेव्हा डोळे उघडून ते पहिलं वाक्य बोलले ते असं, "जाळी साफ झाली, म्याडम." मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला की मी रडायला लागले.

त्यांना कराडला न्यावं लागलं. दवाखान्यात त्यांची बायको, शेवंताबाई, मला पहिल्यांदा भेटल्या. बारीक चणीची, ताठ बाई. तळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहून त्या कधी तळ्याकडे फिरकल्या नव्हत्या. मला वाटलं, बाई आता बोलतील, आणि बोलल्या तर ऐकून घ्यायचं असं ठरवून गेले होते. पण त्यांनी एवढंच विचारलं, "साडी कुनासाठी आनली हुती?"

मी म्हटलं, "तळ्यासाठी."

त्यांनी मान वळवून नवऱ्याचं पांघरूण सारखं केलं. नंतर विलासतात्या फळांची करंडी घेऊन आले, डोळ्यात पाणी आणून म्हणाले की गंगामाईनेच वाचवलं. शेवंताबाईंनी करंडी घेतली आणि त्यांच्याकडे बघितलंही नाही. मला मात्र त्याच आठवड्यात लेखी विचारणा झाली. जलपूजनाच्या दिवशी शहराचा पाणीपुरवठा इतका वेळ खंडित का राहिला, याचा खुलासा करावा. माणूस बुडता बुडता राहिला याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी खुलासा केला. काय केला ते इथे छापण्यासारखं नाही.

सर्जेराव बरे झाले, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. बोट वल्हवायचे ते डाव्या जोरावर. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की यापुढे पाण्यात उतरायचं नाही. ते म्हणाले, "मग कोन जानार?" मी तशीच उठले. विलासतात्यांना जाऊन सांगितलं की यंदा नुसती फुलं वाहा. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, उत्तमला फोन केला म्हणून ते अजून स्वतःला कोसत होते. पण साडी नाही म्हटल्यावर चेहरा पडला. "साडीबिगर वटी व्हती का मॅडम? मागल्या अध्यक्षांनी भारीतली साडी वाहिली, आन आमच्या साहेबांनी नुसती फुलं? लोक काय म्हणतील?" वर म्हणाले, यंदा साडीला दगड बांधू, म्हणजे सरळ तळाला जाईल. मी म्हटलं, तात्या, मग पाणी उतरल्यावर मधल्या खिडकीत बसेल. ते म्हणाले, बघू.

पुढल्या पावसाळ्यात तळं भरलं. जलपूजनाच्या सकाळी मी वर गेले तर सर्जेराव पुलाच्या कडेला बसून दोर तपासत होते. सदऱ्याची घडी शेजारी. मी ताट घ्यायला गेले. बोलून काय होणार होतं?

पाहुणे आले, मंत्र झाले, मी ताट घेऊन उभी. अध्यक्षांनी दोन्ही हातांवर साडी घेतली, हिरवीगार, जरीकाठाची, पदराच्या टोकाला फडक्यात बांधलेला दगड. छायाचित्रकार कठड्यावर चढला. तेवढ्यात पुलाच्या तोंडाशी गडबड झाली. शेवंताबाई आल्या होत्या. अंगावर धुतलेलं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. गर्दीतून सरळ चालत त्या अध्यक्षांच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या, पाण्याकडे पाठ करून, आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

तात्या घाईने पुढे झाले. मावशी, बाजूला व्हा, पूजा चाललीय, नंतर बोलू. त्यांनी ऐकलं नाही. अध्यक्षांकडे बघून म्हणाल्या, "सायेब, तळ्याची वटी माज्या पदरात घाला."

कुणालाच काही कळेना. अध्यक्षांनी साडी तशीच धरून माझ्याकडे बघितलं.

"तुमी साडी पान्यात सोडता आन जेवाय जाता," शेवंताबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मग माजा मालक ती काडाय खाली जातो. गेल साली एक हात देऊन आला. आता दुसरा न्यायाचा हाय का?"

मागून कुणीतरी म्हणालं की ही देवाची ओटी आहे, माणसाला कशी देणार. शेवंताबाई वळल्यासुद्धा नाहीत. "माजं म्हायेर औंधाचं. थितं यमाईला साडी चडवत्यात, आन उतरली की बाईच्याच पदरात घालत्यात. आईला चालतंय, तर तळ्याला का चालना? तळं साडी नेसत न्हाई, सायेब. मी नेसती."

सर्जेराव उठून उभे राहिले होते, हातात दोर तसाच. बायकोला गप्प करावं की काय, हे त्या माणसाला समजत नव्हतं. फौजेत या प्रसंगाचा हुकूम कुणी शिकवला नसणार. तात्या अध्यक्षांकडे बघताहेत, अध्यक्ष छायाचित्रकाराकडे, आणि सगळेच थिजलेले. पुढचा क्षण गेला असता तर कुणीतरी शेवंताबाईंना हाताला धरून बाजूला केलं असतं, हे मला दिसत होतं.

आणि माझ्या लक्षात आलं की ताट माझ्या हातात आहे.

इतकी वर्षं ते धरून मी चिडचिड केली होती. ताटातलं हळद-कुंकू बोटाला घेऊन मी शेवंताबाईंच्या कपाळाला लावलं. तांदूळ ओंजळीने त्यांच्या पदरात घातले. खण घातला, नारळ ठेवला. ही शिस्तभंगाची कारवाई होण्यासारखी गोष्ट होती. मग अध्यक्षांना म्हटलं, "साहेब, साडी."

त्यांनी एकदा तात्यांकडे बघितलं. मग वाकून त्यांनी साडी त्या पदरात ठेवली. दगडासकट ठेवली, पदर एकदम खाली ओढला गेला. शेवंताबाईंनी फडकं सोडून दगड काढला, कठड्यावर ठेवला, आणि वाकून तळ्याला नमस्कार केला. तळ्यात त्या वर्षी मूठभर फुलं पडली. टाळ्या आधी एकाने वाजवल्या, मग सगळ्यांनी. पेपरात फोटोही आला. 'अध्यक्षांची अभिनव कल्पना' असा मथळा होता. म्हटलं, असू दे, कल्पना त्यांची तर त्यांची.

मी आता निवृत्त आहे. उत्तमचा अधूनमधून फोन येतो. तो सांगतो की ओटी हल्ली कुणा ना कुणा बाईच्याच पदरात घालतात, पण ती कुठल्या प्रभागातली असावी यावरून दरवर्षी भांडणं होतात. एका वर्षी दोघींनी एकाच वेळी पदर पसरला होता म्हणे. ऐकून डोक्याला हात लावला. आपल्याकडे कुठलीही गोष्ट सुधारली की ती आधी भांडणाला उपयोगी पडते. तरंगत्या जाळीचा प्रस्तावही अजून वरच आहे.

पण त्या दिवसाचं थोडं राहिलं. मंडळी जेवायला गेल्यावर पुलावर आम्ही तिघंच उरलो. शेवंताबाई साडीची घडी नीट करत होत्या. सर्जेराव कमरेला दोर गुंडाळायच्या तयारीने उभे होते ते तसेच. मला म्हणाले, "म्याडम, मग दोर ठिवून देऊ?"

मी म्हटलं, "ठेवून द्या."

"चला," शेवंताबाई म्हणाल्या. "भाकऱ्या थापायच्या हायत." आणि दोघं बांधावरून वाडीकडे चालू लागली, त्या पुढे, ते मागे, दोराचं वेटोळं डाव्या खांद्यावर.

मी कार्यालयात परत आले आणि फोन टेबलावर पुढ्यात ठेवून बसले. जलपूजनाच्या संध्याकाळी तो कधी गप्प राहिला नव्हता. कधी टाकी रिकामी, कधी नळाला फुसफुस, कधी आमच्या गल्लीवरच अन्याय. पाणी सुटायची वेळ झाली. फोन वाजला नाही. मला वाटलं, बिघडला की काय. उचलून बघितला, चालू होता. मग न राहवून मीच उत्तमला लावला आणि विचारलं, "पाणी आलं का रे शहरात?"

"आलंय की, म्याडम," तो म्हणाला. "कवाच."